टाक उजळायचे, पण झिजवायचे नाहीत

एका ताईंचा प्रश्न असा आहे: "सासूबाईंकडून आमच्याकडे पाच टाक, म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचे देवांचे उठावदार छोटे पत्रे, आले. खंडोबा-म्हाळसा, भवानी, जोतिबा, भैरोबा आणि एक वीर. पुढून चांदी, मागे तांब्याचा पत्रा. दर सणाला चिंच लावून राखेने घासायची आमच्याकडे पद्धत आहे. आता म्हाळसेचा चेहरा सपाट झालाय आणि घोड्याचा लगाम तर दिसेनासा झालाय. झीज न होता टाक उजळता येतात का? टूथपेस्ट, अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, सराफाकडचे डिप, यातले काय वापरू?"

ताई, सगळ्यात आधी चिंच आणि राख बंद करा. आजपासूनच. पुढचे सगळे वाचून काय करायचे ते ठरवायला वेळ लागला तरी चालेल, टाक तोवर काळे राहिले तरी त्यांचे काही बिघडत नाही. काळेपणाने देव झिजत नाहीत, घासण्याने झिजतात.

मी तीस वर्षे चांदीत काम करतोय. पहिली बारा वर्षे दागिने आणि देव घडवण्यात, पॉलिश करण्यात गेली, नंतरची सगळी जुन्या वस्तू साफ करण्यात आणि दुरुस्त करण्यात. लोक माझ्याकडे टाक घेऊन येतात तेव्हा म्हणतात, "एवढे उजळून द्या." उजळणे हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात घासणे कुठेच नाही. पण प्रत्यक्षात घरोघरी उजळणे म्हणजे घासणे असेच झाले आहे, आणि तुमच्या म्हाळसेचा चेहरा त्यातच गेला.

काळेपणा म्हणजे काय हे एकदा कळले की बाकीचे आपोआप कळते. तो वरून बसलेला मळ नाही. हवेत गंधकाचे वायू अगदी थोड्या प्रमाणात असतात, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याच्या वासाचा. तो चांदीला लागला की वरची चांदी त्याच्याशी मिळून सिल्व्हर सल्फाइड तयार होतो. या काळ्या थरात वजनाने 87 टक्के चांदीच असते. म्हणजे बोळ्यावर जे काळे निघते ते तुमच्याच देवाचे अंग आहे, फक्त रंग बदललेले. म्हणून "अजिबात काहीही न काढता" काळी चांदी पांढरी करणे हे शब्दशः शक्य नाही. जे शक्य आहे ते असे: तेवढाच थर काढायचा, त्याखालच्या चांगल्या चांदीला हात लावायचा नाही, आणि तो थर धरूच नये अशी आधीपासून काळजी घ्यायची.

थर चढतो तसा रंग बदलतो. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग निळसर जांभळा, शेवटी काळा. पिवळेपणा असतो तेव्हा थराची जाडी एका मायक्रॉनपेक्षा खूपच कमी असते. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा. तेवढा थर काढायला खरखरीत काहीही लागत नाही. राखेचा एक टोकदार कण जो ओरखडा पाडतो तो याच्यापेक्षा कितीतरी खोल जातो. डास मारायला कुऱ्हाड घेतल्यासारखे होते ते.

राखेत असे काय असते? सिलिका. गवतात, पेंढ्यात सिलिका भरपूर, म्हणून गोवरीच्या राखेतही ती उतरते, शिवाय गोवरी थापताना लागलेली माती आणि वाळू असते ती वेगळीच. खनिजांचा कठीणपणा मोजायची एक ते दहा अशी पट्टी आहे. तिच्यावर चांदी अडीच ते तीनच्या आसपास येते आणि वाळूतला गारगोटीचा कण सातवर. सातचा कण अडीचच्या धातूवर फिरवला तर काय होणार ते सांगायला नको. विटेची पूड आणि भांड्यांची पावडर यांचेही तेच. रांगोळीत वाळूचा कण असला की तिचेही तेच.

आता चिंच. चिंचेने तांब्याचा गडवा लख्ख होतो, कारण तांब्यावरचा काळपट ऑक्साइड आम्लात विरघळतो. चांदीचा सल्फाइड चिंचेत विरघळत नाही. लिंबातही नाही. म्हणजे इतकी वर्षे तुमच्या टाकांवर चिंच काही करत नव्हती, सगळे काम राख करत होती. उलट चिंचेचे आंबट पाणी चांदीच्या पत्र्याच्या कडेने आत शिरते आणि मागच्या तांब्याला लागते. टाक पालथे करून कडेला बघा, हिरवट पूड दिसेल. तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की कळकते, तोच हा कळंक. तो आतून चांदीचा पत्रा उचलतो. वर्षानुवर्षे घासून पातळ झालेला पत्रा एक दिवस कडेला उसवतो तो बहुतेक वेळा इथूनच.

एक गोष्ट तुम्ही घरीच करून बघू शकता. चांदीची एखादी लख्ख वाटी घ्या, काळेपणाचा डागही नसलेली, आणि पॉलिशच्या कापडाने घासा. कापड काळे होईल. परत घासा, परत काळे होईल. दिवसभर घासा, होतच राहील. बारीक पूड झालेली चांदी काळपटच दिसते. आपण मात्र समजतो, अजून घाण निघतेय, अजून थोडे घासू. माझ्या पाहण्यात टाकांचे सर्वात जास्त नुकसान या एका गैरसमजाने झाले आहे. बोळ्याकडे बघून कधीही ठरवू नका. टाकाकडे बघा.

हे मी फार मोठी किंमत देऊन शिकलो. कारखान्यात असताना, पंचविशीत, लग्नाआधी देव उजळायला म्हणून एका घरचे सहा टाक आले. जागरण-गोंधळ चार दिवसांवर. मी मोटरवर बफ, म्हणजे पॉलिशसाठी गरगर फिरणारे कापडाचे चाक, लावला, लाल पॉलिश चढवले आणि एकेक टाक धरला. एका टाकाला अर्धा मिनिटही लागला नाही. आरशासारखे चमकले. ते घ्यायला घरातल्या आजी आल्या होत्या. त्यांनी एकेक टाक तळहातावर घेऊन अंगठा फिरवला. वीराच्या टाकावर अंगठा थांबला. म्हणाल्या, "ह्याच्या मिशा कुठं गेल्या?" आणि मग हळूच, "हे माझे आजेसासरे होते." त्या रागावल्या नाहीत, पैसेही पूर्ण दिले. मी ती रात्र झोपलो नाही. वीराचा टाक म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसाची आठवण असते, आणि तीनचार पिढ्यांनी टिकवलेली ती मिशी मी एका झटक्यात उतरवली होती. त्या दिवसापासून माझ्याकडे टाक कधी बफवर गेला नाही.

म्हणून तुम्हीही कुणाकडे उजळायला दिलेत तर आधी एकच विचारा: "बफ मारणार का?" उत्तर हो असेल तर परत आणा.

आता तुम्ही विचारलेल्या तीन गोष्टी.

टूथपेस्ट नको. दात चांदीपेक्षा खूप कठीण असतो, त्याला चालणारी पूड चांदीला चालेलच असे नाही. कित्येक टूथपेस्टमध्ये सिलिकाच असते.

सराफाकडचे डिप म्हणजे बहुधा आम्लात मिसळलेला थायोयुरिया. त्यात वस्तू बुडवली की काळेपणा दोनतीन सेकंदांत जातो, जादू वाटते. पण ते द्रावण सल्फाइडबरोबर चांदीही खाते, पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि खडबडीत चांदी पुढच्या वेळी लवकर काळी पडते. शिवाय टाक दोन पत्र्यांचा असतो. द्रावण मध्ये शिरले की ते धुऊन काढायचा काही मार्ग नाही, ते आत बसून तांबे खात राहते. थायोयुरिया शरीरालाही चांगला नाही. ज्याला आपण रोज गंध लावतो, ज्याचे तीर्थ घेतो, त्याला हे लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

फॉइलची युक्ती या तिघांत सर्वात समजूतदार आहे, तरीही टाकांसाठी नाही. भांड्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, गरम पाणी, खायचा किंवा धुण्याचा सोडा, आणि चांदी फॉइलला टेकवून ठेवायची. अ‍ॅल्युमिनियम गंधक ओढून घेतो आणि सल्फाइडची परत चांदी होते. कुजक्या अंड्याचा वास येतो तो सुटलेल्या गंधकाचा. ऐकायला उत्तम, चांदी परत मिळाली! पण ती मूळ जागी, मूळ घट्टपणाने बसत नाही. पृष्ठभाग मऊ, भुसभुशीत, पांढुरका राहतो आणि पुन्हा लवकर काळवंडतो. एकसंध चांदीची साधी वाटी, चमचा, फुलपात्र यांना वर्षातून एकदा करायला हरकत नाही. टाकाला तीन कारणांनी नको. एक, पाणी सांध्यात जाते. दोन, जुन्या टाकात पत्र्यामागे लाख किंवा राळ भरलेली असते, गरम पाण्याने ती मऊ होऊन सरकते आणि मग उठावाला आधार राहत नाही. तीन, ही पद्धत सगळीकडचा काळेपणा सरसकट काढते. ते आपल्याला नकोच आहे.

ते का नको, याकडे जरा थांबू, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे तेच आहे. टाकावरचा उठाव फार कमी असतो. तांदळाच्या दाण्याएवढा चेहरा, त्यात डोळे म्हणजे दोन टोचे आणि ओठ म्हणजे एक रेघ. हा चेहरा दिसतो कशामुळे? उंच भाग उजळ आणि खोलगट रेषा काळ्या, या फरकामुळे. सगळे एकसारखे पांढरे केले की चेहरा असूनही दिसत नाही. मग आपल्याला वाटते अजून स्वच्छ झाला नाही, आपण आणखी घासतो, आणि मग चेहरा खरोखरच जातो. तुमच्या म्हाळसेचे डोळे कदाचित अजून असतीलही. खिडकीजवळ उजेड एका बाजूने, अगदी आडवा येईल असा टाक धरा आणि बघा. घोड्याचा लगामही असाच दिसण्याची शक्यता आहे. रेषांमधला काळेपणा राहू द्या. तो देवाचे काजळ समजा.

आता घरी काय करायचे ते सांगतो. एका बैठकीत एकच टाक.

आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आडव्या उजेडात. जमले तर ओळखीच्या सराफाच्या काट्यावर प्रत्येक टाकाचे वजन करून वहीत लिहून ठेवा, ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत. दरवर्षी त्याच काट्यावर वजन केले की झीज होतेय का हे डोळ्यांनी नाही, आकड्याने कळते. मग नखाने टाकाच्या मधोमध हलके टिचकी मारा. भरीव, बोदा आवाज आला तर आत लाख आहे. पोकळ, पत्र्याचा आवाज आला तर उठाव आतून रिकामा आहे आणि जराशा दाबाने चेपू शकतो. दोन्ही प्रकारांत टाक घडी घातलेल्या मऊ टॉवेलवर ठेवूनच काम करायचे, हातात धरून नाही.

पहिल्यांदा जातो तो कुंकू, गंध, तेलाचा आणि धुराचा थर. याला रिठा. चारपाच रिठ्यांच्या साली रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून मलमलीतून दोनदा गाळा. आमच्या धंद्यात सोने-चांदी धुवायला पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरत आले आहेत. चित्रकलेचा मऊ केसांचा ब्रश या पाण्यात ओला करून झटका, आणि फेसाने टाक पुसा. बुडवायचा नाही. टूथब्रश नको, "सॉफ्ट" लिहिलेला असला तरी. मग स्वच्छ पाण्याच्या ओल्या कापसाने दोनतीनदा टिपून घ्या. कुंकवाचा जुना कडक थर निघत नसेल तर ओला कापूस त्यावर पाच मिनिटे ठेवा, मऊ होईल. सुईने किंवा टाचणीने कधी उकरू नका. स्पिरिट वापरायचा मोह होतो, पण स्पिरिटमध्ये लाख विरघळते, म्हणून टाकांना तेही नको.

माझा अनुभव असा की निम्म्या वेळा काम इथेच संपते. काळेपणा वाटतो तो सगळा सल्फाइड नसतो, समईची काजळी आणि तेल असते. रिठ्याने धुतल्यावर दुसऱ्या दिवशी टाक पुन्हा बघा. पुरेसा उजळ वाटला तर थांबा.

नाहीच वाटला तर खडू. शाळेतला नव्हे, तो बहुधा जिप्समचा असतो आणि त्यात खडे निघतात. प्रयोगशाळेची रसायने विकणाऱ्यांकडे "प्रेसिपिटेटेड कॅल्शियम कार्बोनेट" मागा. ही पूड दगड दळून केलेली नसते, रसायनाने पाण्यात साका बसवून केलेली असते, त्यामुळे तिचे कण अतिशय बारीक असतात. कठीणपणाही चांदीच्या जवळचाच, तीनच्या आसपास. तरी एक काळजी घ्यायची. चमचाभर पूड काचेच्या पेल्यात डिस्टिल्ड पाण्यात ढवळा, इन्व्हर्टरच्या बॅटरीला लागते तेच पाणी, आणि एक मिनिट थांबा. जो काही जाड कण असेल तो तळाला बसतो. वरचे दुधाळ पाणी दुसऱ्या पेल्यात अलगद ओतून घ्या आणि तळचे टाकून द्या. दुधाळ पाणी तासभर ठेवले की खाली लोण्यासारखी पांढरी साय बसते. तीच वापरायची.

उदबत्तीच्या स्वच्छ काडीला कापूस गुंडाळून बोटाच्या पेराएवढा बोळा करा, ओला करा, टोकाला साय घ्या. टाकाच्या उंच भागांवर तो गोल फिरवत न्या, लाटणे फिरते तसा. ओढायचा नाही, दाबायचा नाही. बोळ्याचे वजन पडेल तेवढाच भार. रुपयाएवढा भाग झाला की नवा बोळा. जुन्या बोळ्यात अडकलेला कण पुढे सगळीकडे ओरखडे पाडतो, म्हणून बोळा बदलण्यात कंजुषी करू नका. एका टाकाला मला पंधरावीस बोळे लागतात. चेहऱ्यावर शेवटी या, आणि तिथे एकदाच. थोडी पिवळसर झाक राहिली तर राहू द्या. पिवळसर चांदी समईच्या उजेडात फार सुंदर दिसते, हे मी तुम्हाला मनापासून सांगतो.

नंतर डिस्टिल्ड पाण्याच्या बोळ्याने खडू पूर्ण टिपून काढा, रेषांमध्ये पांढरी पूड राहू देऊ नका. मलमलीने दाबून कोरडे करा, पुसू नका. पंख्याखाली दोन तास ठेवा. उन्हात किंवा गरम हवेच्या ड्रायरखाली नको, लाखेमुळे.

यापलीकडे चमक हवी असेल तर तिच्यासाठी आमच्याकडे जुनी विद्या आहे: ओपणे. ओपणी हे गुळगुळीत अकीकाचे किंवा पोलादाचे टोक असलेले हत्यार. रिठ्याच्या पाण्यात भिजवून ते चांदीवर दाबून फिरवतात. यात धातू निघत नाही. पृष्ठभागावरचे बारीक उंचवटे दाबून बाजूच्या खळग्यांत बसतात आणि चकाकी येते. पदार्थ न काढता दिलेले खरेखुरे पॉलिश हेच. जुन्या कारागिरांनी दिलेला ओप बफच्या चमकेपेक्षा वेगळा असतो, खोल, थोडा मऊ, पाण्यात बघितल्यासारखा. पण त्याला दाब लागतो, आणि टाकाला मागून राळेचा आधार देऊनच तो दाब देता येतो. उठावावर तर ओपणी फिरवायचीच नाही, तीही नाक दाबून सपाट करेल. फक्त भोवतालची सपाट चौकट आणि कमान ओपता येते. हे घरी करू नका. ओपणी चालवणारा कारागीर मिळाला तर त्याच्याकडून चौकटीपुरते करून घ्या. चौकट चमकली आणि मूर्ती सौम्य राहिली की टाक इतका उठून दिसतो की लोक विचारतात, नवा केला का.

तुमच्या घरात मुलाम्याच्या वस्तू असतील तर त्यांना खडूही नको. सोन्याचा मुलामा कधीकधी एक मायक्रॉनहूनही पातळ असतो. नाकावर, गुडघ्यावर, कडांवर तांबूस किंवा पिवळट धातू डोकावत असेल तर मुलामा तिथे संपला आहे. फक्त रिठ्याचे पाणी आणि मलमल. पुन्हा मुलामा द्यायला टाकाल तर लक्षात ठेवा, त्याआधी वस्तू बहुतेक ठिकाणी बफ करतातच. मोत्यांच्या नथीला तर काहीच लावू नका. मोती हा चुन्याच्याच जातीचा, लिंबू-चिंचेच्या पाण्यात त्याचे पाणी उतरते. वापरून झाली की ओलसर मलमलीने पुसायची आणि वाळवून ठेवायची. कोल्हापुरी साजाच्या मण्यांतही लाख असते, म्हणून गरम पाण्यात टाकू नये.

आता रोजची पूजा. झीज थांबवायची असेल तर खरे काम इथे आहे, वर्षातून एकदाच्या उजळणीत नाही.

रोज पंचामृताने अभिषेक होत असेल तर दही आणि मध रेषांत राहतात, आंबतात, आणि कळंक धरतो. कित्येक घरांत अभिषेक ताम्हनातल्या बाळकृष्णाला किंवा सुपारीला करतात आणि टाकांना फक्त फुलाने पाणी शिंपडतात. तुमच्या घरच्या रीतीत बसत असेल तर हे करा. घरातल्या मोठ्यांशी, गुरुजींशी बोलून ठरवा, हा निर्णय माझा नाही. सणाला अभिषेक केलाच तर लगेच साध्या पाण्याने धुऊन मलमलीने टिपून कोरडे करा. ओले टाक तसेच देव्हाऱ्यात ठेवायचे नाहीत. पुसायला पूजेच्या जुन्या धोतराचा, लुगड्याचा मऊ तुकडा चालतो, पण तो वेगळा ठेवा आणि दर आठवड्याला धुवा. कुंकवाने भरलेल्या कापडाने रोज पुसणे म्हणजे रोज हलके घासणेच आहे. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांवर लाखो भक्त फक्त डोके आणि हात टेकवतात, घासत कोणी नाही, तरी त्या काळ्या दगडाची झीज झाली आणि लेप द्यायची वेळ आली. तुमची चांदी त्या दगडापेक्षा मऊ आहे.

देव्हारा स्वयंपाकघरात असेल तर टाक लवकर काळे पडतात, अंडी उकडण्यासारख्या गोष्टींतून गंधकाचे वायू येतातच. खाडीजवळच्या, नाल्याजवळच्या घरांत तर महिन्याभरात फरक दिसतो. अशा वेळी देव्हाऱ्याला काचेचे दार लावलेत तर पूजेशिवायच्या वेळात पुष्कळ बचाव होतो. पण देव्हाऱ्यात टाकांखाली लोकरीचे आसन अंथरू नका. लोकरीत गंधक असतो, खालून टाक काळे होतील. सुती किंवा रेशमी कापड घ्या.

बाहेरगावी जाताना किंवा लॉकरमध्ये ठेवताना टाक पूर्ण कोरडे हवेत. खळ काढण्यासाठी दोनदा धुतलेल्या मलमलीत प्रत्येक टाक वेगळा गुंडाळा, एकमेकांवर घासू देऊ नका. मग साध्या पॉलिथिनच्या झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. वर्तमानपत्र नको. जाड चिवट पीव्हीसीच्या पाकिटातही नको, त्यातून सुटणाऱ्या वायूंनी तांबे हिरवे पडते. आणि रबरबँड तर अजिबात नको. रबरात गंधक असतो, कापडाच्या दोन घड्यांमधूनही तो टाकावर काळी रेघ उमटवतो. हाताळताना हात धुऊन कोरडे करा, घामातल्या मिठाचे ठसे चांदीवर उठतात आणि महिन्याने बोटाची रेषन्‌रेष काळी दिसते.

जो चेहरा गेलाय त्याचे काय, हेही तुमच्या मनात असणार. काही कारागीर टाच्याने, म्हणजे ठोकायच्या बारीक हत्याराने, डोळे-नाक नव्याने उठवून देतात. झिजलेल्या पत्र्यावर ते करू नये, पत्रा फाटतो, आणि फाटला नाही तरी समोर येतो तो दुसराच चेहरा. कित्येक घरांत झिजलेले टाक मोडून त्याच चांदीत नवे घडवतात, तीही रीत आहे. पण मला विचाराल तर नवे टाक करून पूजेला घ्या आणि जुने मलमलीत जपून ठेवा, सणाला नव्याच्या शेजारी मांडा. पत्रा कडेला उसवला असेल, किंवा हिरवी पूड सारखी पुन्हापुन्हा येत असेल, तर मात्र घरचा उपाय थांबवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या वस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे. तिथे किंवा धातूच्या जतनाचे काम जाणणाऱ्या कुणाकडे चौकशी करा.

शेवटचे नवरात्राबद्दल, कारण तुमच्याकडे देव घटी बसत असतील. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सगळ्या घरांत देव घासायची घाई असते. तुम्ही आठदहा दिवस आधी, दुपारच्या उजेडात, रोज एक टाक घ्या. नऊ दिवस टाक विड्याच्या पानांवर असतात, हलवायचे नसतात, आणि शेजारी घटाची ओली माती. पानाचा ओलावा खालून तांब्याला लागून दसऱ्याला टाकाच्या पाठीवर पानाच्या शिरांसकट डाग उठलेला मी पाहिला आहे. पान आधी नीट पुसून कोरडे करा, आणि पान व टाक यांच्यामध्ये सुपारीएवढ्या अक्षतांचा छोटा ढीग ठेवा, म्हणजे टाक पानाला थेट टेकत नाही. घटाला पाणी घालताना थेंब उडणार नाहीत एवढे अंतर सोडा. दसऱ्याला देव उठले की त्याच दिवशी रिठ्याच्या पाण्याने पुसून, कोरडे करून जागेवर ठेवा. त्या दिवशी खडूला हात लावायची गरज नाही.